चादरीचा रिकामा कोपरा

जमलेल्या मंडळींनो, या शोकसभेत सगळ्यांच्या शेवटी उठलो, उशीर झाला, माफ करा. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, भाषण कधी केलं नाही. पण आज गप्प बसलो तर घात होईल, अशी धास्ती वाटते.

अंबादास माझा शुक्रवार पेठेतला शेजारी. चादरीची नक्षी कॉम्प्युटरवर काढायचं सॉफ्टवेअर त्यानं एकट्यानं लिहिलं आणि इंटरनेटवर ठेवलं. खाली एकच ओळ: यावर माझा हक्क नाही, कुणीही घ्या.

आपण चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणतो. त्यानं आपल्या सॉफ्टवेअरचा तो कोपरा रिकामा ठेवला. मी म्हणायचो, "नाव तरी टाक की रे!"

"काका, नाव टाकलं की माझं होतंय. मला सगळ्यांचं करायचं हाय."

आणि तुम्ही कारखानेवाल्यांनी, कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी काय केलंत? त्याच्या सॉफ्टवेअरवर आपापली नावं डकवलीत आणि विकलंत. आता फोटोला हार घालून त्याला दानशूर म्हणता! कायद्यानं तुमची चूक नाही. म्हणून मी तुम्हाला चोर म्हणत नाही. चोराला निदान भीती असते.

दुसरे ते परदेशातले ओपन सोर्सवाले. जगभर फुकट वाटायच्या त्यांच्या संग्रहात हे घ्यायला तयार होते. पण म्हणाले, काही देशांत हक्क असा सोडून देता येत नाही. वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी स्वतःच्या नावानं लेखी द्या. फुकट घ्यायलाही यांना सही लागते!

अंबादास हसला. "जे माझं न्हाय, त्याची परवानगी मी कशी देऊ, काका?"

ते अडले, हाही अडला. आणि गेला.

त्यांच्या कायद्यानं हक्क आता त्याच्या बायकोचा, पद्माचा. तिनं परवानगी दिली तर अंबादासचं नाव लागून ते संग्रहात जाईल. नाहीतर तुमच्या नावांखाली गाडलं जाईल. मघाशी दाराशी हे क्लासवाले साहेब तिला सांगत होते, "वहिनी, सही करू नका. आपण मिळून विकू." साहेब, मी म्हातारा आहे, बहिरा नाही. त्या हारातली फुलं तरी सुकू द्यायचीत!

पद्मा, पोरी, नाव लावलेलं त्याला आवडलं नसतं, ठाऊक आहे मला. पण कोपरा रिकामा ठेवला की कोण येऊन बसतं, ते समोर बघ.

मंडळी, आता उभे राहा आणि दोन मिनिटं गप्प राहा. तुम्हाला जमेल. तो होता तेव्हाही तुम्ही गप्पच होतात.

आणि पोरी, सही केलीस की मला कळव. जिवाला घोर लागलाय. लवकर कळव गं.