गिरणीच्या फ्यूजच्या तारेबाबत

पोलीस ठाणे, कराड. दिनांक १० मार्च १९४७, सकाळी अकरा वाजता.

नाव लीलाबाई, नवऱ्याचे नाव नानासो जगदाळे (हे दोनदा विचारल्यावर सांगितले), वय अंदाजे तीस, धंदा पिठाची गिरणी, राहणार कराड.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे मालक लढाईच्या काळात पलटणीच्या वर्कशॉपात वायरमन होते. गेल्या दिवाळीला ते परत आले. आम्ही दोघांनी मिळून पाच घोड्यांच्या ताकदीच्या विजेच्या मोटारीवर पिठाची गिरणी घातली. गिरणीत आम्ही दोघेच काम करतो.

सुरुवातीला मोटार चालू केली की फ्यूजची तार वितळून मोटार बंद पडायची. दिवसातून चार-पाच वेळा असे होई. दळणाला आलेल्या बाया खोळंबत. त्या म्हणत, "जाड तार घाला की वो, आमी कवापातूर बसायचं?" मालक ऐकत नसत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मानूस बसल्या जागंवरनं उठताना गुडघ्यावर हात टेकून जोर लावतो. चालाय लागला की तेवढा जोर लागत न्हाई. मोटारीचं तसंच हाय. उठताना ती घटकाभर लय वीज ओढती. तेवढं तारेनं सोसाय पायजे. पर मोटार कुठं आडकली तर त्याच तारेनं तुटायबी पायजे."

म्हणून त्यांनी बाजारातून तीन जाडीच्या तारा आणल्या. गिरणी बंद ठेवून एक आख्खा दिवस आम्ही त्या लावून पाहिल्या. एक, दोन, तीन असे आकडे मोजण्याचे काम माझे होते. मोटारीला पुरा वेग यायला चार आकडे लागत. पातळ तार दोनलाच गेली. मग मालक चाकावर फळी दाबून मोटार मुद्दाम अडवत. मधली तार आठ आकड्याला तुटली. जाड तार वीस झाले तरी तुटेना आणि मोटारीला करपल्याचा वास आला. मधली तार ठेवली. शिवाय पट्टा आधी मोकळ्या चाकावर ठेवून मोटार चालू करायची आणि वेग आला की जात्याच्या चाकावर सरकवायचा, असे ठरले. त्यानंतर चालू करताना फ्यूज गेला नाही. त्या दिवशी मालकांनी मला चहा करून दिला. तो फार गोड झाला होता. मी प्यायले.

माझा धाकटा भाऊ भाऊसो मोहिते, राहणार पलूस, हा ५ तारखेला आमच्याकडे आला. मालक नवा पट्टा आणायला साताऱ्याला गेले होते. घाईत भाऊसोने पट्टा जात्याच्या चाकावरच ठेवून मोटार चालू केली, त्यामुळे फ्यूज गेला. बाया ओरडू लागल्या. तेव्हा त्याने विजेच्या दिव्याच्या दोरीतील तांब्याच्या तारा पिळून जाड करून फ्यूजमध्ये घातल्या. माझे हाल होऊ नयेत म्हणून त्याने हे केले. मी त्याला अडवले नाही, ही माझी चूक आहे.

६ तारखेस मालक परत आले. त्यांनी ती तार काढून मधली घातली. त्यावरून दोघांची बोलाचाली झाली. भाऊसो म्हणाला, "माज्या भनीला राबवताय आन तारंत काटकसर करताय व्हय?" मालक नवा पट्टा चढवू लागले. भाऊसो न जेवता पलूसला गेला.

८ तारखेस सकाळी नऊच्या सुमारास मी पट्ट्याजवळचे पीठ झाडत होते. माझा पदर पट्ट्यात गेला. पाठोपाठ उजवा हात कोपरापर्यंत ओढला गेला. लुगडे चाकात घट्ट गुंडाळून मोटार अडकली व घूं घूं आवाज करू लागली. चाक तरी ओढतच होते. मग फ्यूज उडाला व सगळे थांबले. तेव्हा मी आकडे मोजले नाहीत. मालकांनी विळ्याने पदर कापला व मला उचलून, स्वतः अनवाणीच, सरकारी दवाखान्यात नेले. हाड दोन ठिकाणी मोडले आहे. भाऊसोची तार असती तर ती तुटली नसती, हात खांद्यापासून गेला असता, आणि मीही, असे माझे म्हणणे आहे.

भाऊसोने मालकांविरुद्ध अर्ज दिला आहे की, त्यांनी रागाने तार बदलली म्हणून मला इजा झाली. मालक काल दुपारपासून ठाण्यात बसून आहेत. त्यांनी तांब्याच्या तारेबद्दल एक शब्दही सांगितला नाही, असे जमादारांकडून आज कळले. ती कोणी घातली ते सांगावे लागेल, म्हणून ते बोलले नसावेत. मी विचारले तेव्हा म्हणाले, "तुजा भाऊ हाय. पोरगं भ्यालंय."

आई वारली तेव्हा भाऊसो तीन वर्षांचा होता. त्याला मी वाढवले. त्याचा राग मला कळतो. माझी दोघांपैकी कोणाविरुद्धही तक्रार नाही. मालकांना घरी सोडावे.

वरील मजकूर जमादारांनी मोठ्याने वाचला. माझ्या मागणीवरून भाऊसोला दारात उभे करून तो ऐकवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. ऐकून झाल्यावर भाऊसो मालकांजवळ जाऊन बसला आहे. मला सही येते, पण उजवा हात बांधलेला असल्याने डाव्या हाताचा अंगठा देत आहे. कागद हलतो म्हणून दोघांना आत बोलावले आहे. एक बाजू मालकांनी धरली आहे, दुसरी भाऊसोने.