बुडालेल्या गावाचं आडनाव

…नाही, मला सांगा, आडनाव म्हणजे काय पाठीवरचं कुबड आहे, की जाईन तिथं लोकांनी वळून बघावं? स्कार्नगार्थ! अख्ख्या इंग्लंडात उरलो कोण, तर मी, अँब्रोजकाका आणि तीन बिनलग्नाच्या म्हाताऱ्या आत्या! नाव गाडाभर, माणसं मूठभर!

तुम्हाला सांगतो, स्कार्नगार्थ हे आमचं गाव. म्हणजे होतं. समुद्रानं कडा खात खात चर्चसकट गिळलं. शाळा सोडल्यापासून मी काकांच्या होडीवर खेकडे धरतोय, तर पिंजरे सोडताना काका दर खेपेला टोपी काढणार नि म्हणणार, "एल्विन, खाली आपली गढी आहे हो!" गढी कसली? पाद्रीबाबा म्हणतात, गाव बुडाल्यावर जे कोळी पळून आले त्यांना इथले लोक त्या गावाच्या नावानं हाका मारायचे, तेच चिकटलं. काका खवळतात, "थापा! आपण डेन्मार्कहून तलवारी घेऊन आलो!" आलो असू… पण विकतो खेकडेच ना!

तर मॉरीन. मॉरीन स्मिथ, मासे तळायच्या दुकानातली. तिला विचारायलाच मला दोन हिवाळे लागले. म्हणाली, "करीन की रे लग्न! पण मी स्मिथच राहणार, पोरंही स्मिथ. त्या बुडालेल्या गावात मी नाही यायची." मी म्हटलं, बरं. मला मॉरीन हवी होती हो, गाव नको होतं!

पण लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात ना, कुणाची हरकत आहे का म्हणून? हरकत कधी कुणी घेतं का? पहिल्याच रविवारी काका उठले! "माझी आहे! हजार वर्षांचं आडनाव बुडतंय!"

पाद्रीबाबा म्हणाले, "अँब्रोज, ही हरकत होत नाही. खाली बस."

मागून कुणीतरी, "बुडू द्या, सवय आहे त्याला!"

अख्खं चर्च खदखदा हसलं. मॉरीन नाही हसली. उभी राहिली आणि म्हणाली, "एल्विन, तू बोल."

एवढंच… तू बोल. सगळ्या माना माझ्याकडे! मला चार माणसांत मीठ मागता येत नाही, आणि इथं… तोंड उघडलं, शब्द फुटेना. मॉरीननं वाट पाहिली. मग हातमोजे चढवले आणि गेली.

नाव गाडाभर, माणसं मूठभर… त्यातही वाढायचं एक माणूस गेलं!

दाराशी काकांनी पाठ थोपटली, "वाचलं बघ आपलं नाव!" वाचलं ना, खरंच वाचलं. आता माझ्याबरोबर सुखरूप म्हातारं होईल!