दादासाहेब पडल्याबाबत

देवखडकी पोलीस ठाणे, ता. शेवगाव, जि. अहमदनगर
दिनांक १८ जानेवारी १९७१

नाव शकिला नूरुद्दीन मणियार, वय वर्षे २०, धंदा शिक्षण (बी. ए. शेवटचे वर्ष), राहणार बाजारतळ, मशिदीजवळ, देवखडकी.

समक्ष हजर राहून, वडील नूरुद्दीन यांच्या देखत, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी आईवडिलांसह राहते. वडिलांचे बांगड्यांचे दुकान आहे. मी येथील कॉलेजात शिकते व कॉलेजची विद्यार्थी नभोवाणी चालवते. म्हणजे मी निवेदन करते आणि गोरक्षनाथ बडे हा विद्यार्थी यंत्र सांभाळतो. आम्हा दोघांशिवाय नभोवाणीत काम करणारे कोणी नाही. सल्लागार मंडळावर अकरा प्राध्यापक आहेत.

नभोवाणी म्हणजे एक खोली, एक माईक, एक ॲम्प्लिफायर आणि तारेने जोडलेले तीन कर्णे. एक कर्णा कॉलेजात, एक एस.टी. स्टँडवर व एक बाजारतळावर आहे. कर्ण्यांची परवानगी याच ठाण्याने दिलेली आहे. तीत 'सुविचार, भक्तिगीते व शैक्षणिक मजकूर' असे नमूद आहे. सुविचार प्राचार्य साहेब निवडतात. बहुतेक सुविचार आज्ञापालनावर असतात.

माझ्याविरुद्ध तक्रार अशी आहे की, शनिवार दिनांक १६ रोजी मी कर्ण्यावरून कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष श्री. सहादेवराव ढोबळे उर्फ दादासाहेब यांच्याविषयी खोटी बातमी पसरवली. प्राचार्य साहेबांनी मला सांगितले आहे की, दादासाहेब पडलेच नाहीत असे मी लिहून दिले तर माझा परीक्षेचा फॉर्म पुण्यास रवाना होईल, नाहीतर होणार नाही. फॉर्म त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

शनिवारी गावचा बाजार असतो. त्याच दिवशी खरेदी-विक्री संघाच्या निवडणुकीची मतमोजणी बाजारतळापलीकडच्या मराठी शाळेत चालू होती. मतदान आदल्या दिवशी झालेले होते. दादासाहेब उभे होते व त्यांच्या विरोधात गहिनीनाथ तुपे उभे होते. मोजणी संपेपर्यंत वेळ मोकळा असल्याने दादासाहेबांनी नभोवाणीच्या नव्या खोलीचे उद्घाटन दुपारी ठेवले होते. तेथून थेट मिरवणुकीस जायचे ठरले होते. त्यासाठी माझे चुलते अल्लाबक्ष यांचा बँड बाजारतळावर उभा करून ठेवला होता.

समारंभाचे वर्णन कर्ण्यावरून करावे असा प्राचार्य साहेबांचा हुकूम होता. ते म्हणाले, "क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतेस ना? तसं. जे दिसेल ते बोलायचं. विचार करत बसायचं नाही." त्याप्रमाणे मी खिडकीशी माईक घेऊन बसले.

व्यासपीठ म्हणजे वर्गातील टेबले जोडून त्यांवर सतरंजी टाकलेली होती. दोन टेबलांमध्ये वीतभर फट होती. गोरक्षनाथने ती प्राचार्य साहेबांना दाखवली. ते म्हणाले, "सतरंजी टाकली की दिसत नाही." ते खरे निघाले. दादासाहेबांनाही ती दिसली नाही. हार घालून घेऊन, सर्वांना नमस्कार करीत ते मागे सरकले, तेव्हा त्यांचा एक पाय सतरंजीसह त्या फटीत गेला व ते हारासकट खाली कोसळले. मी माईकमध्ये म्हणाले, "दादासाहेब पडले." त्यापुढे 'व्यासपीठावरून' असा शब्द मी बोलणार होते. परंतु उपप्राचार्यांनी धावत येऊन माईकवर पंजा ठेवला. त्यामुळे तो शब्द गावात पोचला नाही.

बाजारतळावर काय झाले ते मी स्वतः पाहिलेले नाही. वडिलांनी दुकानातून पाहिले, ते त्यांच्या सांगण्यावरून सांगते. कर्ण्यावर 'पडले' ऐकताच बँड हलला. वडिलांनी चुलत्यांना विचारले, "अल्लाबक्ष, निघालास कुठं?"

"तुप्यांच्या दारात. ऐकलं न्हाई का? दादासायेब पडलं."

"अरं, मोजणी चालू हाय अजून."

"कॉलेजचा कर्णा हाय तो. आन बोलनारी तुझीच लेक. ती खोटं बोलती व्हय?"

बँडच्या मागे गुलालाची पोती गेली व पोत्यांच्या मागे दादासाहेबांच्या प्रचार कचेरीतील मंडळी गेली. दादासाहेबांसाठी आणलेले हार तुप्यांच्या गळ्यात पडले. कॉलेजच्या कचेरीतील दादासाहेबांचा फोटो याच सुमारास खाली उतरवण्यात आला. तो पुसायला काढला होता असे कचेरीचे म्हणणे आहे. मी तीन वर्षे कचेरीत जाते. तो फोटो पुसताना मी पूर्वी पाहिलेला नाही.

फटाके ऐकू आल्यावर प्राचार्य साहेबांनी खुलासा लिहून माझ्यापुढे ठेवला. तो असा होता, "दादासाहेब पडले नसून ते बसले आहेत. जनतेने अफवांवर विश्वास ठेवू नये." दादासाहेब त्या वेळी खरोखर जमिनीवर मनगट धरून बसलेले होते. मी म्हणाले, "सर, 'बसले'चा बाजारात वेगळा अर्थ होईल." आमच्याकडे जो उमेदवार समोरच्याशी आतून ठरवून माघार घेतो तो बसला असे म्हणतात. प्राचार्य साहेब म्हणाले, "मराठी मी शिकवतो की तू?" मराठी तेच शिकवतात. मी खुलासा वाचला.

तोपर्यंत दादासाहेबांच्या बाजूची थोडी माणसे जागेवर राहिली होती. ती त्यानंतर उठली. "बसला! ठरवून बसला!" असा ओरडा झाला. काय घेऊन बसले यावर दोन मते होती. काहींच्या मते सिमेंटचे परमिट, काहींच्या मते ट्रॅक्टर. थोड्या वेळाने ट्रॅक्टर नक्की झाला व त्याचा रंगही सांगितला जाऊ लागला. मतदान आदल्या दिवशीच झालेले असल्याने आता कोणाला बसता येत नाही, ही गोष्ट कोणी बोलल्याचे वडिलांना आठवत नाही. दादासाहेबांच्या जीपच्या चाकांची हवा या वेळी गेली. ती विरोधकांनी सोडलेली नाही.

दादासाहेबांचे मनगट सुजल्याने त्यांना दवाखान्यात नेणे भाग होते. जीप निकामी असल्याने चार प्राध्यापकांनी त्यांना खुर्चीसह उचलून मागच्या रस्त्याने नेले. उपप्राचार्यांनी माझ्याकडे चिठ्ठी दिली की, "दादासाहेबांना नुकतेच उचलले असून परिस्थिती शांत आहे." मी गोरक्षनाथकडे पाहिले. तो म्हणाला, "वाच बाई. न्हाईतरी काय राहिलंय आता?" मी वाचले.

पुढील प्रकार या ठाण्यासमोर घडला. उचलले म्हणजे पोलिसांनी उचलले असे समजून अर्धा बाजार फाटकाशी आला. हवालदार साहेबांनी मला आताच सांगितले की, जमाव दादासाहेबांना सोडवायला आला होता असे सांग. मी फाटकाशी नव्हते. वडील होते. त्यांनी ऐकले ते एवढेच, "दाखवा! एकदा दाखवा!" सोडा असे कोणी म्हणाले नाही. संघाच्या गोदामात झाडलोट करणाऱ्या गोजरबाई तेवढ्या भाकरी आणि पिठले बांधून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आदी खायला घाला त्यास्नी. मंग काय इचारायचं ते इचारा." दादासाहेब येथे नाहीत हे त्यांना पटले नाही. त्या दिवेलागणीपर्यंत फाटकाशी बसून होत्या. (भाकरीसंबंधीचे पुढील वाक्य हवालदार साहेबांच्या सूचनेवरून गाळले आहे.)

सायंकाळी निकाल लागला. दादासाहेब निवडून आले. बँड परत आला. दोन्हीकडचा गुलाल एकाच रंगाचा असतो, त्यामुळे कोणाला डोके धुवावे लागले नाही. तुप्यांच्या दारात गेलेला एकही इसम त्यानंतर गावात आढळला नाही. चुलते अल्लाबक्ष यांचे म्हणणे की, बँड तिकडे सरावासाठी गेला होता.

काल रविवारी सल्लागार मंडळाची बैठक झाली. नभोवाणी सुरू झाल्यापासूनची ही पहिलीच बैठक होय. अकरा प्राध्यापकांनी लिहून दिले की, आम्ही जवळच होतो, दादासाहेब पडले नाहीत, ते स्वेच्छेने खाली आले. हाताच्या प्लास्टरबद्दल त्यात काही नाही. खोलीला कुलूप लावले आहे.

त्यानंतर वडील मला दादासाहेबांच्या घरी घेऊन गेले. वडिलांनी टोपी सरळ केली व म्हणाले, "दादासायेब, पोर चुकली असंल तर माफी मागंल. पन तिचं वरीस वाचवा." दादासाहेब मला म्हणाले, "पोरी, मी पडलो. तुला म्हाईत हाय, मला तर लईच म्हाईत हाय. मी पडल्यावर कोन कोन गेलं तेबी कळलं. पन त्यांना काय बोलू? त्यांच्याबिगर संघ चालायचा न्हाई. तुझ्याबिगर कॉलेज चालंल." मग आम्हाला चहा दिला. वडिलांनी तो घेतला नाही. चहाला ते नाही म्हणाल्याचे मी याआधी पाहिलेले नाही.

तुपे यांच्या सांगण्यावरून मी ही बातमी दिली काय, असे फौजदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, नाही. तुपे माझ्याशी कधीही बोललेले नाहीत. तसे लिहून दिल्यास माझ्यावर काही येणार नाही व फॉर्मही जाईल असे मला समजावण्यात आले. समजावणाऱ्यांची नावे मी सांगितली. ती येथे घेतलेली नाहीत. मी जे दिसले ते बोलले. खुलासा आणि चिठ्ठी मी लिहिलेल्या नाहीत, फक्त वाचल्या. दोन्ही कागद गोरक्षनाथकडे होते. काल ते कचेरीने मागून नेले.

दादासाहेब पडले नाहीत असे लिहून देण्यास मी तयार नाही.

हा मजकूर हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना असे दिसले की, मी जेथे 'पडले' म्हणाले होते तेथे काही ठिकाणी 'खाली आले' असे लिहिले गेले होते. मी विचारता हवालदार साहेब हळू आवाजात म्हणाले, "राहू दे, बेटा. एवढ्यावर तुझा फारम जातोय. मलाबी पोरगी हाय." मी वडिलांकडे पाहिले. त्यांनी खिशातले पेन काढून माझ्यापुढे ठेवले. त्या सर्व ठिकाणी मी 'खाली आले' खोडून 'पडले' केले व प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

शकिला नूरुद्दीन मणियार