उन्हावरची गिरणी

पौडच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या ऋतिकाच्या कानावर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडलं.

"गंगे, होडीनं दळण घिऊन यायचीस. आता कुटं दिसतच न्हाईस!"

"आमच्या बेटावरच सोलरची गिरणी आली, रत्ने. उन्हावर चालती."

"बरं झालं की. पानी वलांडायचा तरास वाचला."

"वाचला. घरात दिवेबी लागलं. सून लई खूश हाय."

"मग तुजं त्वांड का उतरलंय?"

"तुज्या वट्यावर घटकाभर बसायचे, ते सुटलं. सून म्हनती, दळण न्हाई तर होडीत कशाला बसता?"

"बरं, मग बुधवारी मीच येते दळण घिऊन तुज्याकडं."

"तुमच्या गावची गिरणी बंद पडली व्हय?"

"न्हाई. पर घरात तसंच सांगीन."