लक्ष्मीअक्काची मुलाखत

टीव्हीवाल्यांचं नाव काढू नका माझ्यापुढं! आमच्या शेजारची लक्ष्मीअक्का, तिचा सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. परवा कलेक्टर ऑफिससमोर विडी कामगार बायकांचं धरणं होतं, मीही गेले तिच्यासोबत. तिथं चॅनलची एक पोरगी माइक घेऊन आली. अक्का आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलली, पण काय बोलली!

"मालकानं तिसरा बंगला बांधला, माझा पत्रा अजून गळतोय. आमी दोघंबी एकाच विडीवर जगतो की!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बोलताना अक्काची बोटं मात्र सवयीनं हातातल्या मागण्यांच्या पत्रकाचीच विडी वळत होती.

संध्याकाळी सगळी गल्ली माझ्या घरी टीव्हीसमोर जमली. बातमी लागली, "सोलापूरच्या जादुई बोटांची कमाल!" पडद्यावर नुसती अक्काची बोटं आणि मागं बासरी.

पोरं ओरडली, "अक्का, तुझे हात!"

अक्का पुढं सरकली. "आवाज वाढव की गं. मी बोललेलं ऐकू येईना."

मी वाढवला, पार शेवटपर्यंत. बासरीच मोठी झाली.