पहिल्या तासाचा व्हिडिओ

धाकटी: नाही म्हणू नकोस. औषधाची एवढीशी कुपी, ताई. तुमच्या फ्रीजमधून एक कमी झाली तर कोणाला कळणार आहे?

ताई: मला कळेल. आणि आधी तो अ‍ॅप्रन घाल. प्रयोगशाळेत असं फिरता येत नाही.

धाकटी: घातला. आता बोल. माझ्या लेकीच्याच आतड्याच्या पेशी ना त्या? तूच डिशमध्ये त्यांचे गोळे वाढवलेस. परवा तूच व्हिडिओ पाठवलास. औषध घातलं आणि गोळे टम्म फुगले!

ताई: फुगले.

धाकटी: म्हणजे पेशींतलं मिठाचं दार उघडलं आणि मिठामागोमाग पाणी गेलं. तिच्या छातीत हेच व्हायला हवंय. कफ पातळ होईल, श्वास मोकळा होईल. बरोबर की नाही, शास्त्रज्ञबाई?

ताई: बरोबर. पण हे औषध थेट दार उघडत नाही गं. दार बंद ठेवणारं एक प्रथिन असतं, कायनेज. ते दुसऱ्या प्रथिनांवर शिक्के मारत बसतं. औषध त्याचा हात धरतं.

धाकटी: मग धरा की हात!

ताई: तेच कायनेज हृदयातही आहे, यकृतातही आहे. तिथले शिक्के थांबले तर?

धाकटी: तर बघू! आधी तिला श्वास तरी घेऊ दे. डॉक्टर म्हणाले, "घरी न्यायची असेल तर न्या." त्याचा अर्थ कळतो मला. बाजारातली औषधं तिच्या जनुकातल्या दोषाला लागूच पडत नाहीत. मी आता कोणाच्या तोंडाकडे बघू?

ताई: माणसांवरच्या चाचण्या सुरू व्हायला अजून दोन वर्षं तरी...

धाकटी: दोन वर्षं? एकेक रात्र काढताना नाकी नऊ येतात तिच्या. तुझं पोर असतं तर केव्हाच खिशात टाकली असतीस कुपी.

ताई: टाकली होती.

धाकटी: काय?

ताई: काल संध्याकाळी. तुझ्याकडेच यायला निघाले होते. जाता जाता डिश पुन्हा एकदा बघितली. ये, इथे डोळा लाव.

(धाकटी सूक्ष्मदर्शकावर वाकते.)

धाकटी: नुसता चुरा दिसतोय. गोळे कुठे आहेत?

ताई: हेच ते. व्हिडिओ पहिल्या तासातला होता. मला दम धरवला नाही, तसाच पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सगळे फुटले.

धाकटी: मग कमी दे. अर्धं दे.

ताई: आज तेही करून बघितलं. कमी दिलं की दार उघडतच नाही.

धाकटी: उघडेल. तू नीट बघितलं नसशील.

ताई: बये, सकाळपासून तेच बघतेय मी. औषधाची घडणच बदलावी लागेल. फक्त दारापाशी काम करेल आणि बाकी कशाला हात लावणार नाही, असं काहीतरी. ते अजून कोणाकडेच नाही.

धाकटी: ती उठली की पहिलं हेच विचारते, मावशीचं औषध झालं का? काय सांगू तिला?

ताई: सांग, मावशी अजून पातेल्यात औषध ढवळतेय.

धाकटी: रोज तेच सांगते. आज म्हणाली, आई, मावशीला म्हणावं, गुठळ्या राहिल्या तरी चालतील.