कोंबड्याच्या पायातला पट्टा

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या सरकारी दवाखान्यात मी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभी होते. पुढे एदना आणि तिची शेजारीण.

"अगं एदना, तुझे बाबा गेले म्हणे! आणि मला तर मघाशी बाजारात दिसले."

"बाबा कुठले जातायत? कोंबडा गेला."

"म्हणजे?"

"आमच्या धाकट्या बहिणीनं, रोवेनानं, दुबईहून बाबांसाठी मनगटाचा पट्टा पाठवला होता. पावलं, नाडी, सगळं तिच्या फोनवर दिसायचं. बाबांनी तो झुंजीच्या कोंबड्याला बांधला."

"का गं?"

"म्हणे, पट्टा शोभतो तो कोंबड्याच्याच पायात. वर्षभर रोवेना खूश. ऐंशीव्या वर्षी बाबा रोज नऊ हजार पावलं चालतात! मग तिनं फोन करणंच सोडलं. म्हणायची, सगळं दिसतंय की."

"मग?"

"रविवारी कोंबडा झुंजीत मेला. आम्ही त्याचा रस्सा केला. इकडे नाडी थांबली, तिकडे तिनं हंबरडा फोडला. मला कळेपर्यंत इथल्या पाद्रींना सांगून बाबांच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थनाही लावली होती बाईनं."

"अगं बाई! मग खरं कुणी सांगितलं?"

"बाबांनीच, फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून. आधी ती रडली, मग दोन तास शिव्या घालत होती. बाबा इतके खूश मी कधी बघितले नव्हते."

"आणि पट्टा?"

"नव्या कोंबड्याच्या पायात. बाबा म्हणतात, नाताळापर्यंत पोरीचा फोन आला नाही, तर याचाही रस्सा."